मधलीचा कोट

जुन्या काळातले कपडे भाड्यानं देणं हा माझा धंदा. नाटकवाले येतात, सिनेमावाले येतात, हौसेनं फोटो काढून घेणारे येतात. मागच्या खोलीत माझा थोरला भाऊ फोटो काढतो. पुढच्या खोलीत मी माणसाला ऐंशी वर्षं मागं नेते आणि मागच्या खोलीत तो त्याला तिथंच डांबून ठेवतो, असं दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि स्वतःच हसतो.

सगळ्यात जास्त मागणी युद्धाच्या वर्षांतल्या कपड्यांना. लोकांना वाटतं, एक लांब कोट चढवला, टोपी तिरकी केली, ओठ लाल रंगवले की झालं काम. तसं होत नाही. ते सोंग दिसतं. त्या हिवाळ्यांत कोळसा मिळायचा नाही, कापड मिळायचं नाही. घरात होतं नव्हतं ते सगळं एकावर एक घालून लोक वावरायचे. म्हणून थर नीट लावावे लागतात. शर्टाची कॉलर स्वेटरच्या गळ्यावर, स्वेटरची बाही कोटातून बोटभर बाहेर, मफलर गळ्याभोवती न गुंडाळता छातीवर फुली मारून कोटाच्या आत. आणि कोट अंगाला बेतल्यासारखा बसला तर समजावं, फसलं. तेव्हा अंगावरचा कोट बहुधा दुसऱ्याचा असायचा. खांदा थोडा उतरलेला हवा, बाही दुमडलेली हवी, कोपराला ठिगळ हवं. मग एखादी बारकीशी पिन, एक पर्स, एवढ्यानं माणूस उभा राहतो.

थंडी नुकती पडायला लागली होती, तेव्हा एका दुपारी दोन म्हाताऱ्या बहिणी दुकानात आल्या. थोरलीनं नव्वदी ओलांडलेली, पण पाठ अजून फळीसारखी ताठ. धाकटी तिच्याहून बरीच लहान, गोल चेहऱ्याची, सारखी बहिणीच्या पायाकडं बघत, पायरी चुकेल म्हणून. त्यांच्याबरोबर धाकटीची नात होती, वीस-बावीस वर्षांची, उंच, दाट भुवयांची. दातांच्या डॉक्टरकडं मदतनीस होती आणि अर्धा दिवस रजा काढून आली होती.

थोरल्या आजी खुर्चीत बसल्या नाहीत. काउंटरला हात टेकून म्हणाल्या, "आम्ही तिघी बहिणी होतो. मधली लढाईत गेली. तिचा एकही फोटो नाही. घर जळलं त्यात सगळे फोटो जळले. या पोरीचा तोंडवळा अगदी तिचा आहे. हिला तिच्यासारखे कपडे घाल आणि फोटो काढून दे."

"आम्ही दोघी गेलो की तिचा चेहरा कुणाला ठाऊक असणार?" धाकट्या आजी हळूच म्हणाल्या.

अशी मागणी माझ्याकडं कधी आली नव्हती. मी विचारलं, "कोणत्या दिवशीचे कपडे हवेत? एखादा खास प्रसंग?"

"शेवटच्या दिवशीचे," थोरल्या आजी म्हणाल्या. "ते मला पाठ आहेत."

आणि खरोखरच पाठ होते. पांढरा पातळ शर्ट, लहान कॉलरचा. त्यावर तपकिरी स्वेटर, वडिलांचा जुना उसवून त्याच लोकरीचा पुन्हा विणलेला, म्हणून गाठी दिसणारा. वडिलांच्याच पँटचा केलेला करडा स्कर्ट. लोकरी पायमोजे. हिरवा मफलर. हातमोजे काळे, डाव्या अंगठ्याला रफू केलेले. आणि करडा कोट. वडील आघाडीवर गेल्यावर त्यांचा ओव्हरकोट उसवून, विटलेली बाजू आत घेऊन, कापड उलटं करून थोरलीनं तो स्वतः शिवला होता. तेव्हा ती सैन्याचे गणवेश शिवायच्या कारखान्यात होती.

"मधली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती," त्या म्हणाल्या. "तिची पाळी दुपारची. शहरातल्या मुलांना आगगाडीनं बाहेरगावी हलवायचं ठरलं होतं. मी सकाळी या धाकटीला शाळेत पोचवलं, तिथून त्यांना नेणार होते. परत येऊन, दुपारी दोघी आपापल्या कामावर निघण्याआधी मधलीच्या कोटाची बटणं मी माझ्या हातानं लावली. गळ्यापर्यंत. तिला खोकला झाला होता. संध्याकाळी एक्स्चेंजवर बॉम्ब पडला."

हे सगळं त्यांनी कपड्यांच्या यादीच्याच आवाजात सांगितलं. मी धाकट्या आजींकडं पाहिलं. त्या खिडकीतून रस्त्याकडं बघत होत्या.

मी कपडे काढायला आत गेले. करडा कोट माझ्याकडं होता, पण उलटवून शिवलेला नव्हता. पुरुषी बेताचा, खांद्यात सैल, तो घेतला. मफलर हिरवा मिळाला नाही तेव्हा थोरल्या आजींनी आपल्या पिशवीतून नवी हिरवी लोकर काढून दाखवली, "हा रंग." शेवटी नाटकवाल्यांच्या ट्रंकेत त्या रंगाच्या जवळपासचा एक सापडला. हातमोज्याच्या अंगठ्यावर मी तिथल्या तिथं रफू घातलं. थोरल्या आजींनी ते उजेडात धरून पाहिलं. "टाके जरा जास्तच नीट आलेत," म्हणाल्या. "मधलीला शिवण मुळीच यायची नाही."

नात आरशासमोर उभी राहिली. मी एकेक थर चढवत गेले. ती पोरगी मोठी गुणाची. हात वर म्हटलं की वर, मान वळव म्हटलं की वळवली. मध्येच म्हणाली, "मी दिवसभर लोकांना आ करा म्हणून सांगते. आज मला कुणी काही सांगतंय, बरं वाटतंय." स्वेटर झाला, मफलर झाला, आणि आरशातली मुलगी हळूहळू आजची राहीना. केस मागं घेऊन मी तिच्या भुवया उघड्या केल्या, तेव्हा थोरल्या आजींचा श्वास मला मागून ऐकू आला.

कोट चढवला, पण बटणं लावायला मी हात घातला तेव्हा त्या पुढं आल्या. "थांब, बाई. ते माझं काम."

एकेक बटण काजात घालायला वेळ लागत होता, पण त्यांनी मदत घेतली नाही. खालून वर, गळ्यापर्यंत. शेवटचं बटण लागल्यावर त्यांनी कॉलर नीट केली आणि कोटाच्या छातीवर थोपटलं.

आम्ही मागच्या खोलीत गेलो. दादानं दिवे लावले, नातीला भिंतीपाशी उभं केलं. एरवी तो बडबड करून लोकांना सैल करतो. त्या दिवशी त्यानं सरळ कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तेवढ्यात धाकट्या आजी म्हणाल्या, "कोट काढ, बाळा."

नातीला कळेना. "काय, आजी?"

"कोट काढ. स्वेटर काढ. मफलर, हातमोजे, सगळं काढ. नुसता शर्ट राहू दे."

"छोटे," थोरल्या आजींचा आवाज चढला. "हे आपलं बोलून झालंय."

"नाही झालं, ताई. तू बोललीस. मी ऐकलं."

"तू तेव्हा एवढीशी होतीस. तुला काय आठवणार?"

"मी एवढीशी होते, पण आंधळी नव्हते," धाकट्या आजी म्हणाल्या. त्यांचा गोल चेहरा लाल झाला होता. "तिला मी तुझ्यानंतर पाहिलंय. दुपारी. ती शाळेत आली होती."

दादानं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. नात भिंतीपाशी तशीच उभी, कोटात. मी एक स्टूल ओढून थोरल्या आजींच्या मागं ठेवलं. त्या बसल्या, पण बसल्याचं त्यांना कळलं असं वाटलं नाही.

धाकट्या आजी सांगू लागल्या. शाळेच्या पटांगणात मुलांना रांगेत उभं केलं होतं. स्टेशनवर नेणाऱ्या गाड्या यायला उशीर होत होता. आदल्या दिवशी पलीकडची एक गल्ली बॉम्बनं पडली होती आणि तिथल्या मुलांना जशी होती तशी उचलून आणलं होतं, घरातल्या कपड्यांवर, काहींच्या पायात चपला नव्हत्या. मधली कामावर जायच्या आधी वाकडी वाट करून धाकटीला बघायला आली. तिनं रांग पाहिली. मग तिनं कोट काढला आणि दोन जुळ्या भावांच्या खांद्यांवर मिळून टाकला. ते एका कोटात दोघं मावले. मफलर एका पोराच्या उघड्या पायांना गुंडाळला. हातमोजे कुणाला दिले ते आठवत नाही. स्वेटर धाकटीच्या मागं उभ्या असलेल्या मुलीला घातला. त्याच्या बाह्या त्या मुलीच्या गुडघ्यांपर्यंत आल्या.

"आणि मला काही दिलं नाही," धाकट्या आजी म्हणाल्या. "का देईल? माझ्या अंगावर सगळं होतं. तूच तर घातलं होतंस, मला हात खाली करता येत नव्हते इतकं. पण मला वाटलं, माझी बहीण, तिचा स्वेटर, आणि तो भलत्याच मुलीला. ती मला जवळ घ्यायला वाकली तेव्हा मी तोंड फिरवलं. ती हसली. म्हणाली, रुसूबाई, एक्स्चेंजमध्ये यंत्रांची इतकी ऊब असते की स्वेटर अंगावर सहन होत नाही. मग पळत गेली. नुसत्या शर्टावर. मी वळून बघितलं नाही, मग बघितलं, तोवर ती फाटकाबाहेर."

नातीनं कोटाच्या गळ्याशी हात नेला होता, तो तिथंच राहिला.

थोरल्या आजी बोलल्या, तेही धाकटीकडं न बघता. "तू परत आलीस तेव्हा हेच म्हणाली होतीस. ती शर्टावर होती."

"आणि तू माझ्या मुस्काटात मारलीस."

"मारली."

"त्यानंतर मी ब्र काढला नाही."

"मला वाटलं, तुला कुणीतरी सांगितलं," थोरल्या आजी म्हणाल्या. "ती कशी सापडली ते. मला वाटलं, कुणा मेल्यानं एवढ्याशा पोरीच्या कानावर हे घातलं. दुसऱ्या दिवशी तिला ओळखायला मी गेले. एक्स्चेंजच्या मागच्या आवारात सगळ्यांना ओळीनं ठेवलं होतं. ती शर्टावर होती, छोटे. कोट नाही, स्वेटर नाही, हातमोजेसुद्धा नाहीत. मी स्वतः बटणं लावलेला कोट. मला वाटलं, काढून घेतला. मेलेल्या पोरीच्या अंगावरून ओरबाडून काढला लोकांनी. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक. आणि मी म्हटलं, हे छोटीला कधी कळू द्यायचं नाही. तिला सांगायचं, कोट होता. गळ्यापर्यंत बटणं लावून होता."



मला नातीनंच नंतर सांगितलं की मोठ्या आजीनं आयुष्यभर कुणावर विश्वास टाकला नाही. दाराला तीन कड्या. शेजारीण वाटी परत द्यायला आली तरी वाटी निरखून घ्यायची. लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे करू दिलं नाही कुणाला. रस्त्यात करडा कोट घातलेली बाई दिसली की थांबून शिवण बघायची, कितीतरी वर्षं. घरातल्या सगळ्यांना वाटायचं, स्वभावच तिरसट. त्या दिवसापर्यंत कारण कुणालाच ठाऊक नव्हतं, धाकटीलासुद्धा.

"म्हणजे कुणी घेतला नाही," थोरल्या आजी म्हणाल्या.

"नाही, ताई. तिनं दिला."

"शाळेत दिला."

"हो. माझ्यासमोर."

"मग मला का नाही सांगितलंस?" त्या एकदम ओरडल्या, आणि ओरडताना आवाज फुटला. "एवढी वर्षं! एवढी वर्षं मी या गावाला शिव्या घालतेय!"

"कारण मी तोंड फिरवलं होतं," धाकट्या आजी म्हणाल्या. "ते सांगावं लागलं असतं. आणि तू ऐकत कुठं होतीस? तो कोट म्हटलं की तुझा चेहरा असा व्हायचा की समोरच्यानं उठून जावं."

दादा माझ्याकडं बघत होता, बाहेर जायचं का, असं. मी मानेनंच नको म्हटलं. आम्ही गेलो असतो तर दार वाजलं असतं, आणि त्या क्षणी दार वाजू नये असं मला वाटलं.

थोरल्या आजी उठल्या. स्टूल मागं कलंडलं, ते दादानं धरलं. त्या नातीपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि मघाशी लावलेली बटणं सोडायला लागल्या. या वेळी वरून खाली. कोट माझ्या हातात दिला. मफलर काढला. हातमोजे नातीनं स्वतः काढले. स्वेटर डोक्यावरून निघताना केस विस्कटले आणि मी ते सारखे करायला गेले, तर धाकट्या आजी म्हणाल्या, "असू दे. असेच होते."

पोरगी पातळ शर्टात उभी. ती खोली थंडच असते. दादा दिव्यांच्या भीतीनं हीटर लावत नाही. तिच्या दंडांवर काटा आला होता. थोरल्या आजींनी ते दंड दोन्ही हातांनी धरले आणि चोळायला लागल्या, लहान मुलाला आंघोळीनंतर चोळतात तसे.

"थंडी वाजली असेल गं तिला," त्या म्हणाल्या.

"रस्त्यात वाजली असेल," धाकट्या आजी म्हणाल्या. "पण तिथं पोचल्यावर ऊब असेल ना? तीच म्हणाली. का मला समजवायला म्हणाली?"

थोरल्या आजींचे हात थांबले. त्या आठवत होत्या. "ऊब असायची," त्या सावकाश म्हणाल्या. "ती पाळीवरून घरी यायची तेव्हा तिचे हात गरम असायचे. बाहेर बर्फ असलं तरी. माझे हात ती आपल्या हातात घ्यायची. मी विचारायची, चुलीवरून येतेस का? असायची ऊब, छोटे. खरंच असायची."

तेव्हा धाकट्या आजी रडल्या. थोरल्या रडल्या नाहीत. त्यांनी आपला रुमाल काढून बहिणीला दिला, तोही घडी तपासून.

दादानं घसा साफ केला. "आजी, फोटो कसा काढू? कोटात की असाच?"

"असाच," थोरल्या आजी म्हणाल्या.

"हसायचं का?" नातीनं विचारलं.

"ती हसत होती," धाकट्या आजी नाक पुसत म्हणाल्या. "दात वाजत होते तरी हसत होती."

पण नातीला हसता येईना. ओठ ताणले की रडू येत होतं. एकदा, दोनदा दादानं प्रयत्न केला. मग थोरल्या आजी कॅमेऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मधली गाणं म्हणायची. आवाज कसा, तर कुणी गंजलेलं फाटक उघडावं तसा. ती न्हाणीघरात गायला लागली की शेजारचा म्हातारा भिंतीवर काठी आपटायचा. आणि तिला वाटायचं, ताल धरतोय! आणखी मोठ्यानं गायची."

नात खळखळून हसली, आणि दादानं तेवढ्यात फोटो काढला. मी आजवर पुष्कळ फोटो पाहिलेत, पण या फोटोतली मुलगी माझ्या दुकानातल्या कपड्यांत उभी आहे असं क्षणभरही वाटत नाही.

फोटो मिळायला थोडा वेळ होता. मी चहा टाकला. दोघी बहिणी पुढच्या खोलीत कपड्यांच्या रांगांमध्ये बसल्या. थोरल्या आजींनी तपकिरी स्वेटर मांडीवर घेतला होता आणि त्याच्या गाठी चाचपत होत्या.

"ती मुलगी," त्या म्हणाल्या. "स्वेटरवाली. पोचली का ती?"

"पोचली. माझ्याच डब्यात होती. मी सुरुवातीला तिच्याकडं पाठ करून बसले होते. मग गाडी सुटली आणि मला घरची फार आठवण यायला लागली." धाकट्या आजी थांबल्या. "त्या स्वेटरला मधलीचा वास येत होता. तिच्या साबणाचा. मी हळूहळू सरकत तिच्याजवळ गेले आणि बाहीत तोंड खुपसून झोपले. तिनंच ती लांब बाही माझ्यावर घातली. सकाळी उठले तर ती मधल्या कुठल्या स्टेशनावर उतरून गेलेली."

"नाव?"

"विचारलं नाही."

थोरल्या आजींनी मान हलवली. कपातला चहा निवला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला. निघताना पायरीवर त्यांनी धाकटीचा हात धरला. धाकटी म्हणाली, "अगं, मी तुला धरायचं, तू मला नाही." पण हात सोडवून घेतला नाही.

काही आठवड्यांनी नात कामावरून घरी जाताना डोकावली. फोटो मोठ्या आजीच्या खाटेसमोर लावलाय म्हणाली. आणि आता मोठी आजी मधलीबद्दल बोलते. आधी बोलायची ते एवढंच, की ती लढाईत गेली. आता ती कशी पत्त्यांत लबाडी करायची, कशी पायऱ्यांवरून घसरून दुधाची बरणी फोडली आणि मांजरावर ढकललं, असलं सगळं. तिसरी कडी अजून लावते, पण शेजारीण आली तर तिला आत बसवते आणि फोटो दाखवते.

"परवा दोघींचं भांडण झालं," नात हसत म्हणाली. "मधलीचे डोळे घारे होते की काळे, यावरून. चांगली दुपारभर चाललं होतं."

"मग काय ठरलं?" मी विचारलं.

"काही नाही. मोठी आजी म्हणते घारे, आमची आजी म्हणते काळे. मला दोघी आलटून पालटून खिडकीत उभं करून बघतात."